बारा तासांचे मूत्रपिंड

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड राबतात. डायालिसिसचे यंत्र मात्र चार-चार तासांच्या तीन खेपांत अवघे बारा तास. एका खेपेत रक्तातील युरिया सुमारे दोनतृतीयांशाने उतरतो. पण यंत्र थांबताच तो पुन्हा चढू लागतो. प्रथिनांना चिकटलेली विषद्रव्ये तर फारशी निघतच नाहीत. म्हणूनच पैशापायी तिसरी खेप गाळण्याची काटकसर अखेर रुग्णाच्या जिवावर बेतते.

२०१६ साली केंद्र सरकारने दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायालिसिसची योजना जाहीर केली, हे स्तुत्यच होय. परंतु प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार रुग्णाच्याच माथी राहिला, तर मोफत खेपही त्याला परवडणार नाही. तेव्हा ही सोय तालुक्यापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.