रस्ता कोणाचा? पैसा कोठला?

महागाव तालुक्याची जमीन काळी. कापूस, तूर, सोयाबीन तिच्यात चांगलं पिकतं. पण हीच माती पावसाळ्यात वैरीण होते. चार सरी पडल्या, की बंडीचं चाक रुतलं. नाल्याला पूर आला, की तांड्याची वाट बंद झाली. आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावं लागतं. जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टी झाली. तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं. माणसं अडकून पडली. त्यांच्यासाठी बचाव पथकं धाडावी लागली.

म्हणून गावोगाव एकच मागणी असते : पक्का रस्ता द्या! मागणी रास्त आहे. पण ती न्यायची कोणाकडे? पुढारी आले, हार घातला, अर्ज दिला, की आपण स्वस्थ बसतो. तोंडच्या शब्दाने रस्ता होत नाही. रस्ता कागदावरून चालत येतो. तो कसा येतो, ते पाहू.

रस्ता ओळखा

सगळे रस्ते एका खात्याचे नसतात. १९४३ साली देशातले मोठे अभियंते नागपूरला जमले. त्यांनी रस्त्यांचे वर्ग ठरवले. आज आपल्याकडे असं आहे :

महागाववरून नागपूर-तुळजापूर रस्ता जातो. तो राष्ट्रीय महामार्ग आहे. तो केंद्र सरकारचा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. महागाव शहरात नगरपंचायत आहे, तिथले रस्ते तिचे.

जिल्हा परिषदेचं काम ग्रामपंचायतीला सांगून काय उपयोग? म्हणून आधी विचारा, हा रस्ता कोणाचा?

नकाशा आणि क्रमांक

गावाचा नकाशा पाहा. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. वाट नकाशात असेल, तर जागेचा वाद लवकर मिटतो. नसेल, तर ज्यांच्या वावरातून रस्ता जाणार, त्यांची संमती आधी लेखी घ्या. काम सुरू झाल्यावर भांडण निघालं, तर ते तिथंच थांबतं.

मग विचारा, या रस्त्याला क्रमांक आहे का? क्रमांक नसेल, तर पैसा मंजूर होताना अडचण येते. ग्रामपंचायतीनं ठराव करून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे क्रमांक मागावा.

ग्रामसभेचा ठराव

ग्रामसभा हे आपलं मोठं बळ. सभेला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांतला जो आकडा कमी, तेवढी माणसं हवीत. तेव्हा घरात बसू नका. बायाबापड्यांनीही जावं. पाणी, दळण, दवाखाना यांसाठी पायपीट त्यांचीच होते.

ठरावात नुसतं 'रस्ता करावा' असं लिहू नका. कोठून कोठपर्यंत, लांबी किती, किती घरं, शाळेत जाणारी मुलं किती, पावसाळ्यात वाट किती दिवस बंद, हे लिहा. नाल्यावरची मोरी किंवा पूल विसरू नका. डांबर पडलं आणि पूल राहिला, तर पुरात वाट बंदच.

हे काम गावच्या विकास आराखड्यात घ्यायला लावा. आराखड्यात नाही ते काम मागे पडतं.

पैसा कोठून येतो?

वाटा अनेक आहेत. केंद्राची प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली. तिचा चौथा टप्पा २०२४ मध्ये मंजूर झाला. त्यात सपाट प्रदेशातल्या, २०११ च्या जनगणनेत ५०० किंवा जास्त लोकांच्या, रस्ता नसलेल्या वस्त्या घ्यायच्या ठरल्या. राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ ची. याशिवाय जिल्हा वार्षिक योजना आहे. ती जिल्हा नियोजन समिती ठरवते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. निवडून आलेले सदस्य तिच्यात बसतात. आपला सदस्य कोण, हे माहीत असू द्या. सरकारचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. म्हणून ठराव पावसाळा संपताच पुढे धाडावा.

कागदाची पायरी

अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो. मग प्रशासकीय मान्यता. मग तांत्रिक मान्यता. मग निविदा. मग कामाचा हुकूम. एक पायरी चुकली, की काम तिथंच अडतं. म्हणून दर महिन्याला विचारा, 'आमचा कागद कोठे आहे?' अर्जाची पोच जपून ठेवा. उत्तर मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा.

काम डोळ्यांसमोर करून घ्या

कामावर फलक लावतात. त्यावर लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव आणि मुदत असते. वाचून घ्या. तुम्ही आता वाचू शकता! गिट्टी, मुरूम नीट पडतो का, रोलर फिरतो का, ते पाहा. ग्राम सडक योजनेत पाच वर्षं दुरुस्ती ठेकेदारानेच करायची असते. खड्डा पडला, तर ही गोष्ट त्याला बजावा.

शेवटची गोष्ट. रस्त्याचा खरा शत्रू पाणी. कडेची नाली बुजवून पेरा करू नका. वावराचं पाणी रस्त्यावर सोडू नका. सरकार पैसा देईल, ठेकेदार डांबर टाकील. पण नाली मोकळी ठेवणं गावाच्याच हाती आहे.