प्रश्नांचा अनुक्रम आणि कलंकाचे मोजमाप

एचआयव्हीबाधितांविषयी समाजाच्या मनात वसणाऱ्या कलंकभावनेची पाहणी करताना प्रश्नांची शब्दयोजना काळजीपूर्वक करावी लागते हे सर्वांना मान्य असते. परंतु तेच प्रश्न पुढेमागे केल्याने उत्तरांत फरक पडत नाही, ही समजूत मात्र आकडेवारीशी नित्य संबंध असलेल्या सुशिक्षितांतही आढळते. ती निराधार आहे.

१९४८ साली अमेरिकेत हायमन आणि शीट्सली या संशोधकांनी असे विचारले, की साम्यवादी देशांच्या वार्ताहरांना अमेरिकेत येऊन वृत्ते पाठविण्याची मुभा असावी काय. हा प्रश्न प्रथम विचारला तेव्हा शेकडा सुमारे ३७ लोकांनी होकार दिला. आणि अमेरिकन वार्ताहरांना रशियात तशी मुभा असावी काय, हे आधी विचारून मग तोच प्रश्न पुढे केला तेव्हा होकार देणारे ७३ झाले. आपल्यासाठी मागितलेली सवलत दुसऱ्यास नाकारणे अनुचित आहे, ही जाणीव पहिल्या प्रश्नाने जागी केली होती.

यावरून लोक खोटे बोलतात असा निष्कर्ष काढणे हा दुसरा गैरसमज. बहुतेकांच्या मनात असल्या विषयांवरील मत दप्तरातील कागदासारखे तयार ठेवलेले नसते. विचारणा होताच जे विचार हाताशी असतात त्यांतून ते त्या क्षणी घडते, आणि नुकताच कानी पडलेला प्रश्न हा त्यांतला सर्वांत जवळचा असतो.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली २००५-०६ मध्ये झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या संदर्भात चार गोष्टी विचारल्या होत्या: बाधित नातेवाइकाची शुश्रूषा आपल्या घरी कराल काय, बाधित दुकानदाराकडून ताजी भाजी घ्याल काय, आजारी नसलेल्या बाधित शिक्षिकेला शाळेत शिकवू द्यावे काय, आणि कुटुंबातील कोणास लागण झाल्यास ती गुप्त ठेवावीशी वाटेल काय. अशा प्रश्नावल्यांत डास चावल्याने किंवा एकत्र जेवल्याने संसर्ग होतो काय, हे ज्ञानविषयक प्रश्न प्रघाताप्रमाणे आधी येतात. एकत्र जेवल्याने काही होत नाही असे नुकतेच सांगितलेल्या गृहस्थाला लगेच भाजी नाकारणे विसंगत वाटेल. उलटपक्षी, ज्याने डासाचा विचारही केला नव्हता त्याच्या मनात त्या उल्लेखानेच शंका शिरेल, आणि प्रगणकाला तर मुलाखतीच्या ओघात तिचे निरसन करण्याची परवानगी नसते. कोणता परिणाम प्रबळ ठरेल हे तर्काने सांगता येत नाही. त्यासाठी अर्ध्या लोकांना एका क्रमाने व अर्ध्यांना दुसऱ्या क्रमाने विचारून पाहावे लागते.

गुप्ततेचा प्रश्न तर मला सर्वांत नाजूक वाटतो. शेजारीपाजारी बाधितांना कसे वागवतात याची चौकशी आधी झाली असेल, तर ‘गुप्त ठेवू’ हे उत्तर देणाऱ्या मातेच्या मनात तिरस्कार नसून मुलाच्या रक्षणाची चिंता असू शकेल. आणि तरीही कोष्टकात ती कलंक बाळगणाऱ्यांतच गणली जाईल. ज्या कुटुंबाला समाजाची भीती वाटते त्यालाच दोषी ठरविणारी ही मोजणी मला अन्यायाची वाटते.

पाहणी मोठी असली की असे दोष आपोआप धुऊन निघतात, हेही खरे नव्हे. वरील पाहणीत १,२४,३८५ स्त्रियांच्या व ७४,३६९ पुरुषांच्या मुलाखती झाल्या. एवढ्या संख्येने यदृच्छेने होणारी चूक अत्यल्प होते, परंतु प्रत्येकाला एकाच क्रमाने विचारल्यामुळे येणारा कल जसाच्या तसा राहतो. क्रम यदृच्छेने बदलत ठेवल्यास त्या कलाची व्याप्ती कळते, पण तो नाहीसा होत नाही. माझे मत असे, की या रोगाचे नाव ऐकले आहे काय एवढेच विचारून वृत्तीविषयक प्रश्न आधी घ्यावेत आणि ज्ञानाची परीक्षा नंतर करावी.

राहता राहिला कालक्रमाने तुलना करण्याचा मुद्दा. क्रम कायम ठेवला की दोन फेऱ्यांतील तुलना निर्धोक होते, हे म्हणणे अंशतःच ग्राह्य आहे. भारतात २००४ साली मोफत औषधोपचार सुरू झाले आणि बाधितांविरुद्धच्या भेदभावास प्रतिबंध करणारा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. अशा घडामोडींनंतर पूर्वीचाच प्रारंभिक प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात वेगळेच विचार जागे करू शकतो. त्यात वृत्तीच्या प्रश्नांआधी उपचारांविषयीचे नवे प्रश्न घातले गेले, तर दोन फेऱ्यांतील फरकापैकी किती समाजाचा आणि किती प्रश्नावलीचा, हे केवळ त्या दोन आकड्यांवरून कोणालाही वेगळे काढता येणार नाही.