व्यवस्थापन प्रवेश परीक्षा : पुन्हा बसावे काय?

पदवी परीक्षेचा निकाल हाती आला, व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षाही दिली. परंतु अपेक्षित यश मिळाले नाही. मिळेल त्या संस्थेत प्रवेश घ्यावा, की एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षेला बसावे, हा प्रश्न अशा वेळी अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. शहरातील विद्यार्थ्याला सल्ला देणारे पुष्कळ असतात. ग्रामीण भागातील विद्यार्थी मात्र हा प्रश्न घेऊन बहुधा आपल्या जुन्या शिक्षकांकडे किंवा पंचायतीतील एखाद्या जाणत्या सदस्याकडे येतो. ‘प्रयत्न सोडू नकोस’ एवढे सांगून त्याची पाठवणी करणे सोपे असते. परंतु त्या एका वाक्यावर त्याच्या आयुष्यातील एक वर्ष खर्ची पडणार असते. म्हणून या निर्णयाच्या मुळाशी असलेल्या गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

परीक्षांचे स्वरूप

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘कॅट’ ही परीक्षा वर्षातून एकदाच, साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरीस होते. इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकास ४० मिनिटे मिळतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, तर पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो. परीक्षेला किती वेळा बसावे यावर बंधन नाही. मात्र एका वर्षीचे गुण पुढील प्रवेशसत्रापुरतेच ग्राह्य धरले जातात. पुन्हा बसणे म्हणजे सर्व आरंभापासून करणे, हे यावरून ध्यानात येईल.

महाराष्ट्रातील बहुसंख्य व्यवस्थापन महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत घेतल्या जाणाऱ्या ‘सीईटी’द्वारे होतात. या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवावयाचे असून चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. ही परीक्षा २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशांपासून दोनदा घेण्याचा व दोहोंपैकी अधिक गुण ग्राह्य धरण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला. तेव्हा ‘सीईटी’ला पुन्हा बसणे आणि ‘कॅट’ला पुन्हा बसणे यांचे मोल सारखे नाही. पहिलीत प्रश्न काही आठवड्यांचा आहे, दुसरीत पूर्ण वर्षाचा.

आकड्याचा खरा अर्थ

या परीक्षांचा निकाल टक्क्यांत नव्हे, तर पर्सेंटाइलमध्ये लागतो. आपल्या मागे शेकडा किती उमेदवार राहिले, हे तो आकडा दर्शवितो. २०२४ च्या ‘कॅट’ला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. त्यात एखाद्यास ८२ पर्सेंटाइल मिळाले असतील, तर त्याच्या पुढे सुमारे ५३ हजार उमेदवार होते. त्याला ९५ वर जावयाचे असेल, तर त्यांपैकी सुमारे ३८ हजार जणांना मागे टाकावे लागेल. ‘तेराच तर कमी पडले’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते तेरा गुण नव्हेत, ती माणसे आहेत आणि तीही तयारी करीतच असतात. हा हिशेब विद्यार्थ्यासमोर कागदावर मांडून दाखविल्यास पुढील चर्चा वस्तुस्थितीला धरून होते.

गुण कमी का पडले?

पुन्हा बसावे की नाही याचे उत्तर बव्हंशी या एका प्रश्नात दडलेले आहे. विद्यार्थ्याने परीक्षेपूर्वी सोडविलेल्या सराव परीक्षांचे आकडे मागवून घ्यावेत आणि ते प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहावेत. सरावात सातत्याने चांगली कामगिरी होऊन ऐन परीक्षेत ती घसरली असेल, तर त्यामागे आजारपण, लांबच्या केंद्रापर्यंतचा रात्रीचा प्रवास, संगणकावर प्रश्न सोडविण्याची अपुरी सवय किंवा घाईने दिलेली चुकीची उत्तरे असे काही कारण सापडते. अशी कारणे दूर करता येतात आणि तेथे पुन्हा प्रयत्न करणे योग्य ठरते.

एकाच विभागात गुण कमी पडले असतील, तरीही आशेला जागा आहे. अनेक संस्था एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक विभागासाठीही किमान मर्यादा ठरवितात. मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी गणितात पुढे आणि इंग्रजी आकलनात मागे, हे चित्र शिक्षकांना अपरिचित नाही. रोज एखादा इंग्रजी अग्रलेख व दीर्घ लेख वाचण्याचा नेम आठ-दहा महिने पाळल्यास या विभागात फरक पडू शकतो. मात्र हे काम शेवटच्या दोन महिन्यांत उरकणारे नव्हे.

परंतु सरावाचा आकडा आणि निकालाचा आकडा सारखाच असेल, अभ्यास मनापासून झाला असेल आणि काय बदलणार याचे उत्तर विद्यार्थ्यापाशी नसेल, तर त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष घालवून निराळा निकाल लागण्याची शक्यता थोडी असते.

जे बदलत नाही

भारतीय व्यवस्थापन संस्थांची निवड केवळ ‘कॅट’वर होत नाही. दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि मुलाखत यांनाही संस्थेगणिक कमीअधिक महत्त्व असते. अहमदाबादची संस्था मुलाखतीस बोलावतानाच शालेय व पदवी परीक्षांचे गुण विचारात घेते. हे गुण पुन्हा परीक्षा देऊन वाढत नाहीत. म्हणून इच्छित संस्थेचे निवडीचे निकष तिच्या संकेतस्थळावरून काढून वाचावेत. प्रवेश परीक्षेचा आकडा वाढूनही त्या संस्थेचे दार उघडणार नसेल, तर उद्दिष्टच बदलणे हिताचे ठरते. उलट नोकरीच्या अनुभवाला महत्त्व देणाऱ्या संस्थेसाठी काम करीत काढलेले वर्ष वाया जात नाही.

एका वर्षाचे मोल

२०२५ साली ‘कॅट’चे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास २,६०० रुपये होते. खरा खर्च हा नव्हे. शिकवणी वर्ग, शहरातील खोलीभाडे व खाणावळ, न मिळालेले वर्षाचे वेतन आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणावर पडणारा ताण, हे सारे हिशेबात धरावयास हवे. मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. घरी बसून काढलेले वर्ष हे शिक्षण संपल्याचे लक्षण मानून लग्नाची बोलणी सुरू होतात आणि पुन्हा परीक्षेला बसण्याचा बेत तेथेच राहतो. सल्ला देणाऱ्याने ही शक्यता पालकांशी मोकळेपणाने बोलावी.

याच संदर्भात शासनाच्या एका निर्णयाची माहिती असणे आवश्यक आहे. २०२४-२५ पासून, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेद्वारे व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. पूर्वी ती निम्मी होती. राज्यातील चांगल्या महाविद्यालयात असा प्रवेश मिळत असेल, तर तो सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

निर्णयाची मुदत

निर्णय लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच असतो, आणि बहुधा तो महाग पडतो. ‘कॅट’ची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. थांबावयाचे ठरल्यास मधल्या महिन्यांत विद्यार्थ्याने शक्यतो नोकरी धरावी आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या विभागाचा अभ्यास करावा. दरमहा एक पूर्ण सराव परीक्षा ठरल्या वेळेत सोडवून तिचे गुण वहीत नोंदवावेत. नोंदणीची वेळ येईपर्यंत आकडा वर सरकलेला दिसला, तर पुढे जावे. तो जागचा हलला नसेल, तर ‘सीईटी’ व इतर परीक्षांकडे लक्ष वळवावे. हातातील प्रवेश सोडण्याआधी मात्र शुल्क परतीचे नियम व मुदत वाचून घ्यावी.

थोडक्यात, आपल्याकडे आलेल्या विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत : गुण नेमके कशामुळे कमी पडले? ते कारण येत्या महिन्यांत तू कसे दूर करणार? आणि ते दूर झाल्यास हवी ती संस्था खरोखर मिळेल काय? तिन्ही उत्तरे स्पष्ट असतील, तर त्याला निःशंक मनाने पुन्हा बसू द्यावे व घरच्यांनाही तसे सांगावे. उत्तरे मिळत नसतील, तर मिळालेला प्रवेश स्वीकारण्यात कमीपणा नाही, हे त्याला आपल्यासारख्या वडीलधाऱ्याने सांगण्याची गरज असते. तो सल्ला वेळेवर मिळाला, तर त्याचे एक वर्ष वाचते.