पडद्यावरचा चेहरा कोणासाठी?

२००५ साली अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठाच्या प्रवेशाधिकाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील एका कृष्णवर्णीय तरुणाने प्रवेशासाठी निबंध पाठवला होता. वस्तीतील टोळ्यांपासून दूर जाऊन शिकावे, ही इच्छा त्याने त्यात मांडली होती. निबंध अधिकाऱ्यांना भावला. परंतु ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावरील त्याचे पान उघडले, तर तेथे जागोजागी टोळीची चिन्हे! अधिकाऱ्यांनी एका संशोधक विद्यार्थिनीला दूरध्वनी करून विचारले, हा मुलगा आमच्याशी खोटे का बोलतो आहे?

त्या विद्यार्थिनीचे नाव डॅना बॉइड. शिक्षण मूळचे संगणकशास्त्राचे. पण तेव्हा ती कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता किशोरवयीन मुलांचे इंटरनेटवरील जीवन. तिचे उत्तर विचार करायला लावणारे होते. मुलगा बहुधा खोटे बोलत नसावा. ज्या वस्तीत राहायचे, तेथे टोळीशी फटकून वागणारा सुरक्षित राहत नाही. ते पान त्याने शेजारपाजारच्या डोळ्यांसाठी मांडले होते. प्रवेशाधिकारी ते वाचतील, हे त्याच्या मनातही आले नसेल.

अशा अभ्यासात विद्यार्थ्याचे दिवस कसे जातात, याचे कुतूहल मला आहे. बॉइड यांनी मायस्पेसवरील मुलांची हजारो पाने वाचली; पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. अमेरिकेतील अनेक राज्यांत फिरून त्यांनी मुलांची प्रत्यक्ष गाठ घेतली आणि पानावर जे दिसते त्याचा अर्थ ज्याने ते मांडले त्यालाच विचारला. २००८ साली प्रबंध पूर्ण झाला. पडद्यावर पाहिलेले माणसासमोर बसून पडताळणे, ही शिस्त आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे. रक्ताचा अहवाल कितीही बोलका असला, तरी रुग्णाला तपासल्याशिवाय निदान करू नये, असे आम्हाला शिकवलेले असते.

या विचाराचे मूळ संगणकाच्याही आधीचे आहे. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी विद्यार्थिदशेत, १९४९ ते १९५१ या काळात, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर मुक्काम करून माणसांचे वागणे टिपले. माणूस प्रेक्षक पाहून भूमिका वठवतो, आणि रंगमंचाला जशी विंग असते तशी रोजच्या जगण्यालाही असते, असे त्यांनी मांडले. नाटकवेड्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. इंटरनेटने घोटाळा केला तो एवढाच की आई, मित्र, शिक्षक आणि साहेब असे सगळे प्रेक्षक एकाच वेळी एकाच सभागृहात आणून बसवले.

बॉइड यांनी पुढे नोंदवलेला एक प्रसंग मी अनेकदा सांगतो. एका सतरा वर्षांच्या मुलीचे प्रेम तुटले होते. आईला काळजी वाटू नये, पण मैत्रिणींना कळावे, म्हणून तिने फेसबुकवर एका गाण्याच्या आनंदी ओळी टाकल्या. आईने त्या वाचून मुलगी खुशीत असल्याचे मानले. चित्रपटात ते गाणे सुळावर चढवलेली माणसे म्हणतात, हे मैत्रिणींना ठाऊक होते. त्यांनी लगेच तिची विचारपूस केली.

आता आपल्या घरात येऊ. माझ्या दवाखान्यात सुनेसमोर ‘सगळे छान आहे’ म्हणणाऱ्या आजी, सून बाहेर गेली की खालच्या आवाजात सांगतात, “डॉक्टर, खोकला आला की लघवी होते हो.” दोन्ही वाक्ये त्यांचीच, प्रेक्षक निराळे. म्हणून प्रत्येक वृद्ध रुग्णाशी पाच मिनिटे तरी एकट्याने बोलावे, असा माझा आग्रह असतो. काही नातेवाइकांना तो खटकतो. खटकू द्यावा.

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र ही पाच मिनिटे मिळत नाहीत. माझे एक रुग्ण, चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक, पत्नीच्या निधनानंतर एकटे राहतात. रोज सकाळी सहाला फुलाच्या चित्रासह त्यांचा ‘शुभ प्रभात’ येई. शेजाऱ्यांनी त्यांना माझ्याकडे आणले, तेव्हा चार महिन्यांत सात किलो वजन उतरले होते. पहाटे तीनला जाग येई, आणि दूध-बिस्किटांवर दिवस निघे. गोळ्यांची पाकिटे तशीच पडून होती. त्यांच्या संमतीने मी परगावी असलेल्या मुलीला फोन केला. ती गोंधळून म्हणाली, “पण बाबा तर रोज ग्रुपवर असतात!” बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “फूल टाकले की कोणी फोन करून काळजी करत बसत नाही.”

थायरॉइड, साखर आणि इतर तपासण्यांत वजन उतरण्याचे दुसरे कारण सापडले नाही. निदान नैराश्याचे झाले. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून औषध सुरू केले. या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. उतारवयात डोस हळूहळू वाढवावा लागतो आणि गोळी मनाने बंद करून चालत नाही.

दूर राहणाऱ्या मुलांना मी सांगतो, “कसे आहात?” असे विचारू नका, त्याचे उत्तर ठरलेले असते. काल रात्री काय जेवलात, किती वाजता जाग आली, गोळ्यांचे पाकीट जरा कॅमेऱ्यापुढे धरा, असे विचारा. महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवायला सांगा. संदेश किती वाजता येतो, याकडेही लक्ष असू द्या. रोज पहाटे तीनला येणारे सुविचार झोपेविषयी बरेच सांगतात. आणि आजी-आजोबांनो, नातवाच्या एखाद्या फोटोने मनाला टोचले, तर ग्रुपवर सर्वांदेखत जाब विचारू नका. तो फोटो बहुधा तुमच्यासाठी नसतोच. नातू जवळ आला की शेजारी बसवून विचारा, “हे कोणासाठी टाकले होतेस रे?”

गुरुजींचे तीन किलो परत आले आहेत. सहाचे फूल अजूनही येते. त्यानंतर दहा मिनिटांत मुलीचा फोन येतो आणि रात्रीच्या जेवणाची चौकशी होते. परवा ते जरा वैतागूनच मला म्हणाले, “डॉक्टर, आता तिला सांगण्यासाठी तरी रोज काहीतरी शिजवावे लागते.”