गटारात उतरणारा माणूस हीच नीतीची कसोटी

नीती म्हणजे काय, हा प्रश्न विद्यापीठातल्या पंडितांचा आहे, असे आपले बरेच कार्यकर्ते समजतात. हा समज घातक आहे. सफाई कामगार गटारात गुदमरून मरतो आणि समाज गप्प बसतो, तेव्हा त्या गप्प बसण्यामागेही एक नीतिशास्त्र असते.

बेन्थॅमने १७८९ च्या ग्रंथात उपयुक्ततावाद मांडला. ज्यातून जास्तीत जास्त सुख, ते योग्य. जन्मजात विशेषाधिकारांना त्याने हादरा दिला, हे खरे. पण हा हिशेब बेरजेचा! लाखोंचे शहर स्वच्छ राहते, दोघे मरतात. बेरीज सुखाचीच येते. त्या दोघांच्या प्राणाची हमी कोण घेणार?

कान्टने १७८५ मध्ये सांगितले की, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. हे सूत्र आपल्या बाजूचे आहे. परंतु याच कान्टने मानववंशांची उतरंडही लावली. 'माणूस' कोणाला म्हणायचे, हे वरच्यांनीच ठरवले तर सूत्र कागदावरच राहते.

ह्यूमने तर पायावरच घाव घातला. 'आहे' यातून 'असावे' आपोआप निघत नाही. एक जात पिढ्यान्पिढ्या मैला उचलत आली, म्हणून तिनेच तो उचलावा, हा मनुवादी युक्तिवाद इथेच कोसळतो. नित्शेनेही नीतीचा ईश्वरी आधार झुगारला, पण समता नाकारून मनूची स्तुती केली. जुना पाया पाडणारा प्रत्येक जण आपला मित्र नसतो.

मग पाया कोणता? बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये तो दाखवला. धम्मात ईश्वराच्या जागी नीती आहे आणि ती माणसाने माणसावर प्रेम करण्याच्या गरजेतून येते. तिला देवाच्या मंजुरीची गरज नाही. आणि हे प्रेम जातीच्या कुंपणापाशी थांबत नाही.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या वारसांना १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. रक्कम वाढली, मृत्यू थांबले नाहीत. भरपाई म्हणजे न्याय नव्हे.

म्हणून बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत असा मृत्यू झाला तर धनादेशावर समाधान मानू नका. त्याला खाली कोणी उतरवले, हे विचारा आणि गुन्हा नोंदवायला भाग पाडा. धम्माची नीती विहारात बोलायची आणि ठाण्यात लढायची असते.