मेल्यावर उठायचं कुठे?

सर्व्हायव्हल गेममध्ये मरण चुकत नाही. मेल्यावर आपण कुठे उठणार, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. बहुतेक जण घरातल्या बेडवर एकदा क्लिक करतात आणि विसरून जातात. तिथेच घोळ होतो.

कुंभकोणमजवळ नाचियार्कोविल नावाचं गाव आहे, पितळी समयांसाठी प्रसिद्ध. तिथल्या श्रीनिवास पेरुमाळच्या देवळात दगडी गरुड आहे. उत्सवात तो गाभाऱ्यातून उचलायला ४ माणसं पुरतात, पुढे ८, मग १६, ३२, आणि देवळाबाहेर नेताना ६४ लागतात, अशी परंपरा आहे. परतताना माणसं तशीच कमी होत जातात. दगड तोच, पण जागेपासून जितका लांब तितका जड. गेममधलं मरणही असंच. बेडपासून पन्नास पावलांवर मेलात तर हसून सोडून द्याल. दोन हजार ब्लॉक लांब मेलात तर सगळी संध्याकाळ गेली.

माइनक्राफ्टचा हिशेब बघा. मेल्यावर सांडलेलं सामान ५ मिनिटांत नाहीसं होतं. धावत गेलं तर सेकंदाला साधारण साडेपाच ब्लॉक, म्हणजे हजार ब्लॉकना तीन मिनिटं. दोन हजारांना सहा. संपलंच की! पण थांबा. हे घड्याळ त्या जागेच्या आसपास कुणी खेळाडू असेल तरच चालतं. एकटे खेळत असाल आणि खूप लांब उठलात, तर तिकडचं घड्याळ थांबतं आणि तुम्ही जवळ पोचल्यावर पुढे सुरू होतं.

सर्व्हरवर गंमत उलटी होते. तुम्ही मेलात, मित्र तिथेच उभा राहून ‘ये लवकर, मी राखण करतोय’ म्हणतो. बिचारा मनापासून म्हणतो, पण त्याच्या तिथे असण्यानेच घड्याळ चालू राहतं. त्याने एक तर सामान उचलावं, नाही तर तिथून लांब जावं. नुसती राखण करू नये.

म्हणून खाणीवर निघताना बेड सोबत न्या. तीन लोकर, तीन फळ्या, एवढाच खर्च. पोचल्यावर मांडा आणि क्लिक करा. जावा आवृत्तीत १.१५ पासून दिवसाही क्लिक केलं की जागा पक्की होते, झोपावं लागत नाही. बाजूला पेटीत जुनी तलवार, थोडं खाणं ठेवा. रिकाम्या हाताने सामान आणायला धावणारा बहुधा दुसऱ्यांदा मरतो. घरी परतलात की घरच्या बेडवर पुन्हा क्लिक करा, कारण गेम शेवटचीच जागा लक्षात ठेवतो.

बेड मोडला किंवा भोवती उभं राहायला जागाच उरली नाही, तर तुम्ही थेट जगाच्या मूळ आरंभबिंदूवर उठता. मित्रांच्या सामायिक घरात भांडणं होतात ती यावरूनच. एक जण हौसेने घर आवरतो, दुसऱ्याचा बेड उचलून ठेवतो. तो दुसरा रात्री कुठेतरी मरतो आणि अनोळखी किनाऱ्यावर उठतो. दुसऱ्याचा बेड हलवलात तर त्याला सांगा, एवढा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

नेदरमध्ये बेडवर झोपायला गेलात तर स्फोट होतो. तिथे रिस्पॉन अँकर लागतो. त्यात ग्लोस्टोनचे चार ब्लॉक भरता येतात आणि दर पुनर्जन्माला एक खर्च होतो. चौघांनी एकच अँकर वापरला तर ते चार जन्म सगळ्यांचे मिळून. पाचवा मरणारा मूळ आरंभबिंदूवर जातो. लढाईआधी ग्लोस्टोन कोण भरणार हे नावानिशी ठरवा, ‘कुणीतरी भरेल’ म्हणून सोडू नका.

रस्टमध्ये शत्रू माणसंच, त्यामुळे डोकं वेगळं चालवावं लागतं. तिथे स्लीपिंग बॅग एकदा वापरली की पुन्हा वापरायला थांबावं लागतं, आणि जवळजवळ मांडलेल्या बॅगा एकदमच अडकतात. एका खोलीत पाच बॅगा म्हणजे पाच जन्म नव्हेत. एक तळावर ठेवा आणि एक लांब झुडपात. तळ शत्रूने घेतला तर आतली बॅग तुम्हाला त्याच्या बंदुकीसमोरच उठवेल.

माइनक्राफ्टमध्ये मेल्याची जागा दाखवणारा रिकव्हरी कंपासही आहे, २०२२ च्या १.१९ पासून. तो बनवायला आठ इको शार्ड लागतात, आणि ते सापडतात वॉर्डनच्या प्राचीन शहरात. तिकडे निघालात तर शहराबाहेर आधी बेड मांडा.