आंबा एका आकड्यात मावत नाही

हापूस कापल्यावर साका, म्हणजे गरातला स्पंजासारखा खराब भाग, निघाला की रत्नागिरीचा बागायतदार हळहळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ ही साकामुक्त जात दिली.

पण नवी जात सरस ठरवायची कशी? वजन, गोडी, गराचे प्रमाण हे गुण एकमेकांत गुंतलेले असतात. प्रत्येकाची वेगळी चाचणी घेतली, तर निव्वळ योगायोगालाच फरक समजण्याचा धोका वाढतो. हा धोका गांभीर्यानेच घ्यायला हवा.

बहुचलीय विचरण विश्लेषण, म्हणजे ‘मॅनोव्हा’, सगळी मोजमापे एकत्र घेते आणि जातीजातींमधला फरक एकाच जातीतल्या झाडांमधल्या फरकाशी ताडून पाहते. सॅम्युअल विल्क्स यांनी १९३२ मध्ये त्यासाठी कसोटी मांडली. तिच्यातून फरक सिद्ध झाला, तरी तो नेमका कोणत्या गुणात, हे पुढे स्वतंत्रपणे तपासावे लागते.